तसबिरीवरची जर

छापील चित्रांचा इतिहास लिहिणारे आपले बहुतेक लेखक चित्राला छापखान्याच्या दारापर्यंत पोहोचवतात आणि तेथून माघारी फिरतात. दगड कोणी आणला, यंत्र कोठून आले, भांडवल कोणाचे, चित्रकार कोण आणि कारखाना शेवटी कोणाच्या ताब्यात गेला, हा सर्व मजकूर त्यांच्या दप्तरी मोठ्या निगुतीने नोंदलेला सापडतो. परंतु तेच चित्र बाजारातून घरी आल्यावर, काचेआड जाऊन भिंतीवर चढण्यापूर्वी, घरच्या बायकांच्या हाती पडत असे, त्याच्यावर जर, टिकल्या, मखमल आणि मणी चिकटवले जात असत, आणि छापखान्यातून हजारांनी एकसारखे निघालेले ते चित्र अशा रीतीने एका विशिष्ट घराचे होत असे, या उत्तरार्धाविषयी ते दप्तर एक अक्षर बोलत नाही. अर्वाचीन युरोपात छापाच्या चित्रावर परक्या वस्तूंचे तुकडे चिकटवून केलेल्या कृतीला कलाकृतीचा मान आहे आणि तिच्या प्रत्येक प्रतीची मोजदाद होते. आपल्याकडे त्याच कसबाला ‘बेगडी’ या एका शब्दात निकालात काढले गेले. हा निकाल पुरेसा पुरावा न तपासता दिला गेला आहे, असे माझे मत आहे.

शिळाछापाची विद्या मूळची बव्हेरियातली. आलोईस झेनेफेल्डर नावाचा म्यूनिकचा एक नाटककार आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत असता, परटाकडे द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहिण्यास हाताशी कागद नव्हता म्हणून त्याने ती मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने जवळच्या घोटीव दगडावर लिहिली, आणि त्या यादीतून या विद्येचा उगम झाला, अशी कथा त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. कथेत पदरचे किती, हा विचार बाजूला ठेवला तरी १७९६ ते १७९८ या काळात त्याने जे शोधून काढले ते विलक्षण होते यात संशय नाही. तोवरच्या छापाला उंचवटा तरी लागे किंवा खाच तरी लागे. झेनेफेल्डरच्या दगडाला दोन्हींची गरज नव्हती. सॉल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड पाणीही पितो आणि तेलही धरून ठेवतो. त्याच्यावर स्निग्ध शाईने चित्र काढून, डिंक व सौम्य नायट्रिक आम्ल यांचा हात फिरवून, दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी राहते आणि वरून रूळ फिरवताना तेलकट शाई रेघेवर तेवढी बसते. चित्रकाराच्या हाताचा सूक्ष्मात सूक्ष्म कंप जसाच्या तसा कागदावर उमटावा, अशी सोय त्यापूर्वी कोणत्याही छापाने करून दिलेली नव्हती. पुढे १८३७ साली गोदफ्रुआ एंगेलमान याने एकेका रंगासाठी एकेक दगड वापरून रंगीत चित्र छापण्याच्या पद्धतीची सनद फ्रान्समध्ये मिळवली आणि देवादिकांची चित्रे रंगांत बाजारी येण्याचा मार्ग मोकळा झाला.

मुंबईस शिळाप्रेस आला तो १८२० नंतरच्या दशकात, आणि त्याचे येथे स्वागत झाले त्याचे कारण चित्रांपेक्षा अक्षरांत होते. मोडीसारखी हात न उचलता लिहावयाची लिपी खिळ्यांत बसवणे दुर्घट. दगडावर मात्र वळणदार लेखकाने लिहिलेले पान तसेच छापून निघे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस उभारून १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते या शंकेने धर्मग्रंथांना शिवावयास कचरणाऱ्या लोकांसाठी त्यांनी तुपाची शाई केल्याचे सांगतात. ही गोष्ट आपण कौतुकाने आणि थोड्या हसण्यावारी सांगतो. परंतु शिळाछापाच्या शाईत चरबी, मेण आणि साबण खरोखरीच असत, ही बाब ध्यानी घेतली म्हणजे त्या शंकेखोर लोकांची माहिती अगदीच चुकीची नव्हती असे म्हणावे लागते. शिवाय छापलेली वस्तू घरात घ्यावयाची ती शुद्ध करून, आपली करून घ्यावयाची, ही जी वृत्ती तुपाच्या शाईमागे दिसते, तीच पुढे तसबिरीवरच्या जरीमागेही दिसते.

चित्रांचा खरा व्यापार पुण्यास सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळकृष्णपंत जोशी यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. निबंधमालेच्या कर्त्याने चित्रांच्या धंद्यात पडावे याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. वास्तविक स्वभाषेचा आणि स्वेतिहासाचा अभिमान लोकांत रुजवावयाचा तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या भिंतीवर रामपंचायतन आणि पेशवाईतील मुत्सद्दी लागले पाहिजेत, हे त्यांच्यासारख्या धोरणी माणसाने ओळखले नसते तरच नवल. चित्रशाळेची आरंभीची चित्रे रंगाने भडक आणि आकृतीने ताठर आहेत. ती घरोघर लागली.

त्यांची सद्दी मोडली ती रविवर्म्याच्या छापखान्याने. या छापखान्याच्या कल्पनेमागे सर टी. माधवराव यांचे नाव येते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला हा गृहस्थ तंजावरच्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातला. मागणी एवढी आणि दोन हात अपुरे, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे छाप काढून घ्यावेत, असे त्यांनी १८८४ साली रविवर्म्यास लिहिले. दहा वर्षांनी रविवर्म्याने चित्रे बाहेर न पाठवता यंत्रे आणि जर्मन कारागीरच मुंबईस आणवले, गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याशी भागी केली आणि १८९४ साली गिरगावात कारखाना सुरू झाला. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले. लक्ष्मी आणि सरस्वती मागोमाग आल्या आणि त्यांनी मुलूख जिंकला. पुढची हकिकत फारशी सुखाची नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगने हाहाकार केला, कारखाना शहराबाहेर न्यावा लागला आणि अखेर तो लोणावळ्याजवळ मळवली येथे, कार्ले-भाज्याच्या लेण्यांच्या शेजारी, जाऊन स्थिरावला. कर्जाने जेरीस आलेल्या रविवर्म्याने शतकाच्या आरंभी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञास, फ्रित्झ श्लायखर यास, ८९ चित्रांच्या हक्कांसह विकून टाकला. धुरंधरांसारख्या चित्रकारांनी या छापखान्यासाठी पुढे चित्रे काढली, आणि दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच्यासाठी छायाचित्रावरून दगडावर प्रतिमा उतरविण्याचे काम करीत होते.

दगडावर लक्ष्मी कशी उतरत असे, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण पुढे जी जर तिच्यावर बसावयाची तिचे वर्म यातच आहे. मूळ तैलचित्रावरून प्रथम बाह्यरेषेचा आराखडा घेत, आणि तो प्रत्येक रंगाच्या दगडावर तंतोतंत उतरवीत. मग कारागीर एकेक दगड पुढ्यात घेऊन त्या रंगाला चित्रात जेवढी जागा असेल तेवढी बारीक ठिपक्यांनी भरीत जाई. गालावरची लाली म्हणजे तांबड्या दगडावरचे काही विरळ ठिपके, आणि हनुवटीखालची सावली म्हणजे आणखी एखाद्या करड्या दगडावरचे दाट ठिपके. एकच कागद इतक्या दगडांवरून फिरत असता केसाइतका सरकला तरी देवीला दोन नाकपुड्यांऐवजी तीन दिसावयाच्या. शेवटी वार्निशचा हात देत, आणि पुष्कळदा कापडाच्या वीणीचा ठसा कागदावर दाबून तैलचित्राचा भास आणीत. एवढ्या खटाटोपातून शिळाछापाला साधे ते मुख्यतः एक: मांसल कांती. चेहरा, दंड, बोटे आणि पाऊल यांवरची उजेडाची मऊ चढउतार या ठिपक्यांनी जशी साधली तशी वस्त्रांची आणि दागिन्यांची झळाळी साधली नाही, कारण सोन्याच्या जागी पिवळा रंग छापला तरी तो पिवळाच राहतो, दिव्यापुढे चमकत नाही.

नेमक्या याच उणिवेवर घरच्या बायकांनी हात ठेवला. माझ्या पाहण्यात आलेल्या एका लक्ष्मीच्या तसबिरीत, कमळावर उभी असलेली चार हातांची, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती, ही रविवर्म्याची सर्वांना ठाऊक असलेली मूर्ती आहे. तिचे तांबडे लुगडे छापील राहिलेले नाही. त्याच्यावर तांबडे रेशमी कापड छापील घडीबरहुकूम कापून बसवले आहे, आणि पायांपाशी निऱ्या येतात तेथे कापडालाच खरोखरीच्या बारीक चुण्या घालून त्या खालच्या छापील निऱ्यांवर अशा बेताने टेकवल्या आहेत की सावली छापाची आणि उठाव कापडाचा, असा संयोग झाला आहे. काठाला जुन्या लुगड्याची अरुंद जर लावलेली आहे. ती वळणावर मोडू नये म्हणून आतल्या बाजूने नखाएवढ्या अंतराने कात्रीने छेद दिले आहेत. गळ्यातील मण्यांची माळ चिकटवलेली नाही. कागदाला सुईने भोके पाडून ती दोऱ्याने टाचली आहे, आणि तसबीर उलटी करून पाहिली तर मागे दोऱ्याची गाठ दिसते. कमरपट्ट्यावर टिकल्या आहेत, कमळाच्या पाकळ्यांवर चमकी पसरली आहे. चेहऱ्याला, हातांना आणि पावलांना मात्र कोणी बोट लावलेले नाही. छापखान्याचे सर्वोत्तम काम कोणते आणि कोणते सुधारून घेण्याजोगे आहे, याचा असा अचूक निवाडा त्या काळच्या कोणत्याही कलासमीक्षकाने लिहून ठेवला असल्यास तो माझ्या वाचनात नाही.

खळ शिजवलेल्या पिठाची असे, क्वचित डिंकाची. दगड तयार करताना ज्या जातीचा डिंक छापखान्यात वापरीत त्याचाच भाऊबंद घरात जर बसवताना उपयोगी पडे, हा एक मौजेचा योग. वार्निशलेल्या तुकतुकीत कागदावर पाण्याची खळ सहजी धरत नाही, म्हणून कापडाच्या खालची जागा खरवडून घेतलेलीही कोठे कोठे दिसते. सर्वच काम घरगुती असे असे मात्र नव्हे. काही तसबिरींतील हात इतका सराईत आणि साहित्य इतके एकजिनसी आहे की त्या तयार सजवून विकल्या गेल्या असाव्यात असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. उलट काहींत कापडाचा एक तुकडा पुरला नाही म्हणून पदराच्या टोकाला दुसऱ्याच रंगाचे ठिगळ आहे. मला ही दुसऱ्या प्रकारची चित्रे अधिक प्रिय वाटतात. त्यांतून घर दिसते.

ही प्रथा एकाएकी कोठून उपटली, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. देवाला पोशाख करणे हे आपल्याकडचे नित्यकर्म. पंढरीच्या विठोबाला ऋतुमानाप्रमाणे आणि सणावाराप्रमाणे वस्त्रालंकार चढतात, आणि पाषाणाची मूर्ती त्या अलंकारांशिवाय भक्ताला उघडीवाघडी वाटते. मग भिंतीवरच्या देवानेच तेवढे छापील लुगड्यावर का भागवावे? मखरांना आणि मुंडावळ्यांना बेगड लावण्याचा हात तर घराघरांत होताच. दक्षिणेत तंजावरास, जेथे भोसल्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत चालले, फळीवर कापड ताणून, खडू आणि डिंकाच्या लुकणाने दागिने उठावदार करून, त्यांत काचेचे खडे जडवून वर सोन्याचा वर्ख देण्याची चित्रकला राजाश्रयाने बहरली होती; त्या बाजूच्या घरांत रविवर्म्याच्या छापांवर जर आणि मणी चढले तेव्हा जुन्या कसबाला नवा, स्वस्त पाया मिळाला, एवढेच झाले. नाथद्वाराच्या परंपरेत याहून एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाची धडे चित्रकाराने काढलेली, आणि त्यांवर डोकी मात्र छायाचित्रांतून कापून चिकटवलेली, अशी मनोरथाची चित्रे तेथे होत. गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यावर येणारी रंगीत तिकिटेही लोक जपून काढून घेत आणि डब्यांच्या झाकणांवर, पेटीच्या आतल्या अंगाला लावीत.

आता युरोपाकडे वळू. १९१२ च्या वसंत ऋतूत पिकासोने आपल्या एका चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटवले आणि त्या लंबगोल चित्राला चौकटीऐवजी दोर गुंडाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राकने लाकडाच्या रेषांचा छाप असलेला भिंतीचा कागद कापून रेखाचित्रावर लावला. कलेच्या इतिहासात या दोन गोष्टींनी नवे युग सुरू झाले असे मानतात, आणि त्यात खोटे काही नाही. आपल्या बायकांनी हे त्यांच्या आधी केले, अशी फुशारकी मारण्याचा मोह कित्येकांना होईल. मला तो व्यर्थ वाटतो, कारण दोन्हींचा हेतू परस्परविरुद्ध आहे. पिकासोचे मेणकापड पाहणाराला विचारते की यातले खरे काय आणि चित्र काय. ते संशय उत्पन्न करण्यासाठी तेथे आले आहे. लक्ष्मीच्या अंगावरचे रेशीम संशय दूर करण्यासाठी आले आहे. खरे वस्त्र नेसलेली देवी अधिक खरी, असे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

शिळाछाप आणि चिकटकाम यांचा प्रत्यक्ष विवाह पाश्चात्य कलेत लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. तात्याना ग्रोसमन या रशियातून आलेल्या बाईने १९५७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या आपल्या घरी एक छोटा शिळाछापखाना मांडला आणि नामांकित चित्रकारांच्या पुढ्यात दगड ठेवले. रॉबर्ट राउशेनबर्गने तेथे वर्तमानपत्रांतील जुन्या छायाचित्रांचे ठसे दगडावर उतरवून, म्हणजे चिकटवण्याची क्रिया दगडाच्या पोटातच करून, चित्रे केली. छापता छापता एकदा दगड भंगला. दुसरा घेतला तोही भंगला. तेव्हा त्याने तडा लपवण्याऐवजी चित्रात तसाच ठेवला, खाली दगडाच्या कपच्यांची छापील रास घातली आणि चित्राला ‘अपघात’ असे नाव दिले. १९६३ साली ल्यूब्लियानाच्या मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हाच चित्रकार १९७५ साली अहमदाबादेस येऊन, गांधी आश्रमाच्या हातकागदाच्या कारखान्यात ओल्या लगद्यात कापडाचे तुकडे आणि बांबूच्या कामट्या घालून चित्रे करून गेला. त्या गावात तेव्हा जर लावलेल्या तसबिरी घरोघर असतील. त्यांतली एखादी त्याच्या नजरेस पडली की नाही, हे सांगण्यास आधार नाही.

आपल्याकडची प्रथा ओसरली त्याची कारणे नीरस आहेत. ऑफसेटच्या छपाईने दगड अडगळीत गेले. चित्र कॅलेंडर होऊन वर्षाच्या अखेरीस बदलू लागले, आणि वर्षभराच्या देवाला कोण जर लावीत बसणार? पुढे चमकी छापातूनच तयार येऊ लागली. मळवलीच्या कारखान्याला १९७२ साली आग लागली आणि दगड, यंत्रे व चित्रांचे साठे तिच्यात गेले. त्यानंतर संग्राहक जागे झाले. जुन्या छापांना भाव आला, आणि भावाबरोबर एक नवे अरिष्ट आले. चित्र ‘मूळ स्वरूपात’ हवे म्हणून त्याच्यावरची जर आणि कापड सोलून काढण्याचा उद्योग सुरू झाला. छापाची प्रत दुसरीही मिळू शकते. सोललेली जर पुन्हा मिळत नाही. पूर्वीच्या सजावटीत मूर्ती कापून मखमलीवर बसवताना समासावरची छापखान्याच्या नावाची ओळ पुष्कळदा कात्रीखाली गेली, ही इतिहासाची एक हानी. आता सजावट काढून तिची उलट भरपाई चालली आहे, ही दुसरी. वस्तुसंग्रहालयांनीही या तसबिरी रविवर्म्याच्या नावाखाली न लावता सजावट करणारीचा वेगळा रकाना आपल्या नोंदवहीत काढला पाहिजे, मग तो रकाना बहुधा रिकामाच राहो.

ज्या वाचकांच्या घरी अशी तसबीर असेल त्यांना एवढेच सांगणे आहे. तिला ओल्या फडक्याने पुसू नये, कारण खळ सुटते. ओलीच्या भिंतीवर टांगू नये, कारण पिठाच्या खळीवर कसर येते आणि तांब्यावरची खोटी जर हिरवी पडून कागदाला खाते. चौकट उघडण्याची वेळ आलीच तर खालच्या समासावर छापखान्याचे नाव आणि गाव शाबूत आहे काय ते पाहून वहीत उतरवून घ्यावे, मणी टाचलेल्या दोऱ्याला हात लावू नये, आणि ही जर कोणी लावली हे सांगू शकणारे वडील माणूस घरात हयात असेल तर आजच विचारून ते नाव मागच्या नव्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे.